शंकरशेट शिष्यवृत्ती आणि आपली लोकल

शंकरशेट शिष्यवृत्ती म्हटली की आपल्याला संस्कृत आठवते. दहावीचे वर्ष सुरू झाले की संस्कृतच्या बाई वर्गातल्या दोघा-तिघांकडे आशेने बघू लागायच्या. 1912 साली मॅट्रिकला ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आपल्या वर्गात ती कुणालाच मिळाली नाही. शब्दरूपांत आपण कच्चेच!

ती ज्यांच्या स्मरणार्थ दिली जाते, त्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (1803–1865) यांचे रेल्वेशी असलेले नाते मात्र शाळेत कुणी फारसे जोडून दाखवले नाही. मुंबईहून ठाणे-कल्याणकडे रेल्वे न्यावी, ही कल्पना सरकारी अभियंता जॉर्ज क्लार्क याला 1843 मध्ये सुचली, तीही भांडुपला आला असताना. म्हणजे आपल्या मुलुंडच्या शेजारीच. 1845 मध्ये नाना आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली. ती पुढे जीआयपी रेल्वेत सामील झाली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून 14 डब्यांची गाडी सुमारे 400 माणसे घेऊन 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला गेली. आजचे घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड तिच्या वाटेवरचेच. पश्चिमेला 12 एप्रिल 1867 पासून विरार-बॅकबे गाडी धावू लागली. बोरीवली, अंधेरीला थांबायची, पण दिवसाला जाऊन-येऊन एकच!

दोन्ही मार्ग उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम जोडणारी अंधेरी-कुर्ला-ट्रॉम्बे रेल्वे 1928 मध्ये आली आणि 1934 मध्ये बंदही पडली. उपनगरांच्या इतिहासातली ही मोठी चूक, असे माझे मत. त्यानंतर घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू व्हायला 8 जून 2014 उजाडावा लागला. मधली 80 वर्षे माणसे दादरला गाडी बदलत राहिली, नाहीतर बसमध्ये उभी राहिली.

म्हणून आपल्या बॅचच्या निधीबद्दल एक सुचवतो. संस्कृतचा मान तसाच राहो. पण नानांच्या स्मरणार्थ वाहतूक नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला दरवर्षी छोटी पाठ्यवृत्ती द्यावी. पवईच्या आयआयटीत हा विषय एम.टेक.ला शिकवतात. अट एकच: प्रबंध उपनगरांवर हवा. मुलुंडहून गोरेगावला म्हातारा माणूस जिना न चढता कसा जाईल, एवढा प्रश्नसुद्धा वर्षभर पुरेल. काही मित्रांना या पैशातून शाळेला डिजिटल फळे द्यायचे आहेत. त्यांच्याशी वाद घालायची तयारी आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी, चहाच्या टेबलापाशी.