पाणचक्कीला काय काय लागते?

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. येथील कापड भडोच बंदराकडे जाई. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईच्या मूर्तीची आठवण करून देते.

त्या काळी रोमन जगाला पाणचक्की ठाऊक होती. व्हित्रूव्हियसने इ. स. पूर्व पहिल्या शतकात तिचे वर्णन केले आहे. दक्षिण फ्रान्समधील बार्बेगाल गावाजवळ तर उतारावर १६ चाके, दोन रांगांत, एकाखाली एक फिरत. त्यांचे भग्न अवशेष आजही दिसतात. पण पाँपेईच्या भट्ट्यांत जाती गाढवे ओढत होती. म्हणजे यंत्र माहीत असणे वेगळे आणि ते वापरात येणे वेगळे.

मग वापरासाठी काय लागते? पहिली गोष्ट बारमाही पाणी. तेरणेसारखी नदी पावसाळ्यात दुथडी वाहते, उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते. दुसरी गोष्ट एकाच ठिकाणी भरपूर दळण. घरोघरी बाया पहाटे उठून जात्यावर दळत. त्या श्रमांचा हिशेब कोणी मांडत नसे. तेथे यंत्राची गरज कोणाला भासणार?

मराठवाड्यात या दोन्ही गोष्टी जुळून आल्या त्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की सतराव्या-अठराव्या शतकांतली. यात्रेकरूंसाठी येथे धान्य दळले जाई. पाणी सुमारे आठ किलोमीटरवरून, डोंगराकडील विहिरीपासून, जमिनीखालच्या नहरीतून व खापरी नळांतून येते. ते उंचावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर चक्की फिरते. चाक आडवे असल्याने त्याच्या उभ्या दांड्यावरच वरची तळी बसवता येते. दातेरी चाकांची गरज उरत नाही.

शक्तीचा हिशेब वर्गात करून पाहावा. समजा सेकंदाला २० लिटर पाणी ५ मीटर खाली पडते. २० × ९.८ × ५ = ९८० वॅट. त्यातील तिसरा हिस्सा जरी कामी आला, तरी सुमारे ३०० वॅट मिळतात. माणूस सतत ७५ वॅटच्या आसपास काम करू शकतो. म्हणजे चार माणसांचे दळण, आणि तेही रात्रंदिवस!

यावरून वारशाचे मोल कोठे आहे ते ध्यानात येते. चाक आणि तळी हा त्याचा दिसणारा भाग. खरी करामत विहीर, नहर, नळ आणि नेमका उतार यांत आहे. शहर वाढताना रस्ते, पाया, नळजोडण्या यांखाली जुन्या नहरींची मोडतोड होत आली आहे. नहर तुटली तर चक्की जागेवर राहील, पण ती फिरणार नाही. मग ती केवळ शोभेची वस्तू.

सहलीला गेल्यावर मुलांना चक्कीपाशीच थांबवू नये. पाणी कोठून येते, ते विचारावे आणि त्या वाटेने शक्य तितके मागे चालावे. तेरला गेलात, तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयही पाहावे आणि परत येताना गावातल्या एखाद्या आजींना जात्यावर पायलीभर दळायला किती वेळ लागे, ते विचारून वहीत नोंदवावे. इतिहासाचा हाही एक पुरावाच आहे आणि तो मिळवण्यासाठी फार दिवस हाती नाहीत.