भूवापरातील बदल आणि कीटकवैविध्य : ब्रिटनमधील 'लार्ज ब्ल्यू' फुलपाखराचा इतिहास (१७९५–२०२०)

प्रस्तावना

जमिनीच्या वापरात बदल झाला की तेथील जीवसृष्टी बदलते, हे सर्वमान्य आहे. जंगल तोडले, दलदल बुजवली, माळ नांगरला, तर त्याचे परिणाम कोणासही दिसतात. कीटकांच्या बाबतीत मात्र हा संबंध इतका उघड नसतो. कुरणातील गवत दोन-तीन सेंटिमीटरने उंच झाले, तर माणसाच्या दृष्टीने ते कुरणच राहते; परंतु त्या गवताखाली राहणाऱ्या मुंगीच्या दृष्टीने तेथील हवामानच पालटलेले असते. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील 'लार्ज ब्ल्यू' या फुलपाखराच्या इतिहासाच्या आधारे या संबंधाचा विचार करावयाचा आहे. हे फुलपाखरू १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसे झाले. त्याच्या रक्षणाचे प्रयत्न त्यापूर्वी अनेक वर्षे चालू होते. प्रयत्न होत असतानाही ते का वाचले नाही, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

संग्राहकांवरील दोषारोप

ब्रिटिश फुलपाखरांत या जातीची पहिली नोंद विल्यम लेविन यांनी १७९५ मध्ये केली. ते प्रारंभापासूनच दुर्मिळ होते. दक्षिण इंग्लंडमधील उबदार, गवताळ उतारांवर त्याच्या विखुरलेल्या वसाहती असत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फुलपाखरे पकडून पेटीत टाचून ठेवण्याचा छंद सुशिक्षित वर्गात फोफावला आणि दुर्मिळ जातींना मोठी मागणी आली. साहजिकच लार्ज ब्ल्यूच्या ऱ्हासाचा दोष संग्राहकांवर ठेवला गेला. या निदानातून उपायही ठरला : वसाहतीभोवती कुंपण घालावे व माणसांना दूर ठेवावे. परंतु कुंपणाने संग्राहकांबरोबर गुरेही बाहेर राहिली. आत गवत माजले आणि फुलपाखरू दिसेनासे झाले. निदान चुकले की उपायच अपायकारक ठरतो, याचे हे उदाहरण होय.

मुंगी आणि अळी

या फुलपाखराची मादी थाइम या रानटी सुगंधी वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी सुमारे तीन आठवडे फुलांवर जगते व नंतर जमिनीवर उतरते. तेथून पुढे तिचे काय होते, हे दीर्घकाळ गूढ होते. १९१५ मध्ये चॅपमन यांना मिर्मिका प्रजातीच्या लाल मुंग्यांच्या वसाहतीत ही अळी आढळली. पुढे फ्रोहॉक आणि कॅप्टन प्युअरफॉय यांनी संपूर्ण जीवनक्रम उलगडला. प्युअरफॉय यांनी अक्रोडाच्या अर्ध्या कवचात मुंग्यांची वसाहत ठेवून निरीक्षणे केल्याचे प्रसिद्ध आहे. अळीच्या अंगातील स्रावामुळे मुंग्या तिला आपलीच संतती समजून घरी नेतात. तेथे ती सुमारे दहा महिने मुंग्यांच्या अळ्या खाऊन वाढते आणि आपले बहुतेक सर्व वजन याच काळात मिळवते. म्हणजे या फुलपाखराचे भवितव्य फुलांपेक्षा मुंग्यांवर अधिक अवलंबून होते. असे असूनही पुढील सुमारे सहा दशके 'थाइम आहे व मिर्मिका मुंग्या आहेत' एवढ्यावरच जागा योग्य समजली जात असे. मिर्मिका प्रजातीत अनेक जाती आहेत, याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही.

चराई, ससे आणि एक विषाणू

दरम्यान जमिनीचा वापर बदलत होता. लार्ज ब्ल्यूच्या वसाहतींपैकी काही जागा नांगराखाली व वनलागवडीखाली गेल्या. उरलेल्या जागांवर बदल झाला तो वापर थांबल्यामुळे. विसाव्या शतकात तीव्र उताराच्या, निकस कुरणांवर गुरे व मेंढ्या चारणे शेतकऱ्यास परवडेनासे झाले. चराई कमी झाली, तरी मध्ययुगात ब्रिटनमध्ये आणलेले ससे संख्येने अफाट वाढले होते व तेच गवत आखूड राखत होते. १९५२ मध्ये फ्रान्समधील डॉक्टर आर्मां-दलील यांनी आपल्या जमिनीवरील सशांचा उपद्रव थांबविण्यासाठी त्यांच्यात मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू सोडला. तो रोग युरोपभर पसरला, १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचला आणि तेथील बहुसंख्य ससे त्यात मेले. गुरांनी सोडलेल्या उतारांवर आता गवत कापणारे कोणी उरले नाही.

लार्ज ब्ल्यूच्या रक्षणासाठी १९६२ मध्ये संयुक्त समिती स्थापन झाली. १९७२ पासून जेरेमी थॉमस यांनी उरलेल्या वसाहतींचा बारकाईने अभ्यास केला. अळ्यांना अनेक जातींच्या मिर्मिका मुंग्या उचलून नेतात. परंतु त्या मोठ्या प्रमाणावर जगतात त्या केवळ 'मिर्मिका सॅब्युलेटी' या एका जातीच्या घरी, असे त्यांना आढळले. ही मुंगी उष्णताप्रिय आहे. ब्रिटनच्या थंड हवामानात ती दक्षिणेकडे उतरणाऱ्या, ऊन थेट मातीपर्यंत पोहोचेल इतक्या आखूड गवताच्या जमिनीवरच टिकते. गवत तीन सेंटिमीटरच्या पलीकडे वाढले की मातीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, सॅब्युलेटी मागे हटते आणि तिच्या जागी थंडाव्यात तगणारी 'मिर्मिका स्कॅब्रिनोडिस' येते. थाइम तेथेच फुलत असते, मुंग्याही दिसतात. फुलपाखरू मात्र संपते.

हे निदान हाती आले तेव्हा फार उशीर झाला होता. डार्टमूरच्या कडेची शेवटची वसाहत १९७५–७६ च्या अवर्षणातून सावरली नाही आणि १९७९ मध्ये ही जात ब्रिटनमधून नष्ट झाल्याचे मान्य करावे लागले. अवर्षण हे तात्कालिक कारण होते. अवर्षणासमोर तग धरू न शकणारी एकाकी वसाहत घडविली ती भूवापराच्या इतिहासाने.

पुनरागमन

तथापि इतिहास येथे संपत नाही. सॅब्युलेटीला अनुकूल गवत राखण्यासाठी झुडपे काढण्यात आली, गुरे व तट्टे पुन्हा चरावयास आणली गेली आणि १९८३ पासून स्वीडनमधील ओलांड बेटावरील लार्ज ब्ल्यू डेव्हनमध्ये सोडण्यात येऊ लागले. पुढे सोमरसेटमधील पोल्डन टेकड्यांवर वसाहती रुजल्या; त्यांपैकी कोलार्ड हिल येथे २००० मध्ये फुलपाखरू सोडण्यात आले. ग्लुस्टरशरमधील रॉडबरो कॉमन येथे २०१९ मध्ये सुमारे १,१०० अळ्या सोडल्या गेल्या व २०२० च्या उन्हाळ्यात सुमारे ७५० फुलपाखरे बाहेर पडली. त्या भागात ते सुमारे १५० वर्षांनी परतले.

समारोप

या इतिहासातून दोन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, माणसाला दूर ठेवणे म्हणजे संरक्षण, हे समीकरण सर्वत्र खरे नाही. शतकानुशतके चराईने घडलेल्या भूमीवर चराई थांबविणे हाही भूवापरातील बदलच होय. दुसरा निष्कर्ष असा की, भूवापराचा परिणाम स्थानिक हवामानावेगळा पाहता येत नाही. आखूड गवताची अट ब्रिटनच्या थंडीतून आली आहे. उबदार प्रदेशात सॅब्युलेटी उंच गवतातही राहते. म्हणूनच एका देशातील उपाय दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे आहे.

आपल्याकडे साताऱ्याजवळील कास पठारावर फुलांच्या रक्षणासाठी कुंपण घातले गेले, तेव्हा चराई थांबल्याने त्याच फुलांवर काय परिणाम होईल, हा प्रश्न उपस्थित झाला होता. कासचा जांभा खडक व तेथील पावसाळा यांचा डेव्हनच्या उतारांशी काही संबंध नाही, म्हणून तेथील उत्तर येथे उसने घेता येणार नाही. परंतु प्रश्न विचारण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. कुंपण घालण्यापूर्वी त्या जमिनीवर पूर्वी कोण चरत होते, केव्हा व किती काळ, हे गावातील गुराख्यांना विचारावयास हवे, आणि त्या चराईवर कोणते कीटक अवलंबून आहेत, हे प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाने गुडघ्यावर बसून पाहावयास हवे. लार्ज ब्ल्यूच्या बाबतीत या दोन गोष्टी १९७२ पूर्वी एकत्र आल्या नाहीत. इतिहास व प्राणिशास्त्र हे विभाग एकाच महाविद्यालयात शेजारी असतात. त्यांनी आपल्या परिसरातील एखाद्या माळाचा असा संयुक्त अभ्यास हाती घेणे अशक्य नाही.