चोच कुणाची?

‘व्हेल माशाची उलटी जप्त’ ही बातमी ठाणे-कल्याण पट्ट्याला आता नवी राहिलेली नाही. स्पर्म व्हेलला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून ही उलटी, म्हणजे अंबर, विकणं गुन्हा. बातमीत कोटींचे आकडे छापतात, पण त्या गोळ्यात काय असतं ते कुणी सांगत नाही. त्यात बरेचदा चोची सापडतात.

अंबराचं कोडं जुनं. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात अंबरावर एक अख्खा संवाद लिहिलाय. समुद्रातल्या झऱ्यातून येतं, तळाशी उगवतं, अशी नाना मतं तेव्हा होती. आतल्या चोची पक्ष्यांच्याच समजत. चोच म्हटल्यावर दुसरं सुचणार काय?

उलगडा झाला 1783 मध्ये. फ्रान्झ श्वेडियावर या डॉक्टरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. व्हेल पकडणाऱ्यांच्या माहितीवरून त्याने मांडलं, की अंबर म्हणजे स्पर्म व्हेलची घट्ट झालेली विष्ठा, आणि चोची ‘सेपिया’च्या, म्हणजे माकुळाच्या गोतातल्या. त्या काळी या एकाच नावात बरीच भावकी कोंबलेली असे. व्हेल खातो ते मुख्यतः खोल पाण्यातले स्क्विड. आपल्याकडे मात्र ‘उलटी’ चिकटली ती चिकटलीच.

ही चोच बघायला व्हेल लागत नाही. डोंबिवलीच्या मासळीबाजारात कोळीणमावशी माकूळ साफ करते तेव्हा पाठीतलं ठिसूळ समुद्रफेन निघतं, शाईची पिशवी निघते, आणि माकुळाच्या हातांच्या मधोमध अंगठ्याने दाबलं की मांसाच्या गोळ्यातून चोच बाहेर पडते. काळपट तपकिरी, दोन तुकड्यांची. दिसते पोपटासारखी, पण बसते उलटी: पोपटाची वरची चोच खालचीवर येते, इथे खालचा तुकडा वरच्याला बाहेरून कवेत घेतो. मागे पातळ, फिकट पंख असतात. हाडाचा आधार नाही. हे पंख स्नायूंत रुतलेले, त्यांच्याच जोरावर खेकड्याचं कवच फुटतं.

वाढही मागूनच. मागच्या कडेच्या पेशी कायटिन आणि प्रथिनांचे थर घालत राहतात. जुना भाग पुढे सरकतो, काळा नि टणक होतो, टोकाशी झिजतो. टोक कठीण आणि बूड मऊ, म्हणून चावताना चोच स्वतःच्याच मांसात घुसत नाही. हम्बोल्ट स्क्विडमध्ये हा कडकपणा टोकापासून बुडापर्यंत सुमारे शंभर पटींनी उतरतो, असं 2008 मध्ये मोजून दाखवलं गेलं.

कायटिन व्हेलच्या पोटातही सहसा विरघळत नाही. माल्कम क्लार्क या इंग्रज संशोधकाने 1962 मध्ये खालच्या चोचीच्या मापावरून अख्ख्या प्राण्याचं वजन काढायची रीत मांडली. त्यामुळे कुणी न पाहिलेल्या खोल समुद्रातल्या स्क्विडची जात आणि वजन आजही व्हेलच्या पोटातल्या चोचींवरून ठरवता येतं.