नवीन बाईकचे पहिले १००० किलोमीटर: काय तपासाल, कशी चालवाल आणि मोबाईल कुठे ठेवाल?



नवीन बाईक दारात आली की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. कुणी म्हणतं, "हजार किलोमीटर होईपर्यंत ४० च्या वर जाऊ नको." कुणी म्हणतं, "आताच्या इंजिनांना काही होत नाही, पळव बिनधास्त." गंमत म्हणजे सगळे सल्ले इंजिनाबद्दलच असतात. पण पहिल्या काही आठवड्यांत गाडीवर फक्त इंजिन नवीन नसतं. टायर नवीन असतात, ब्रेक पॅड नवीन असतात आणि त्या गाडीवर आपला हातही नवीन असतो. इंजिनाकडे दुर्लक्ष झालं तर पुढे खर्च वाढतो. बाकीच्या तिघांकडे दुर्लक्ष झालं तर माणूस पडतो.

म्हणून या लेखात मी हे सगळं एकत्र घेतलं आहे. माझी स्वतःची गाडी १२५ सीसीची आहे, पण इथली बहुतेक माहिती १०० सीसीपासून ३५० सीसीपर्यंतच्या कुठल्याही पेट्रोल बाईकला लागू पडेल.

डिलिव्हरी घेताना काय बघायचं?

शोरूममध्ये हार, पेढे आणि फोटो यांच्या गडबडीत ही दहा मिनिटं मात्र काढाच.

- गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर इन्व्हॉइस आणि इन्शुरन्सच्या कागदाशी जुळवून बघा. दोन्हींचे फोटो काढून ठेवा.
- नावाचं स्पेलिंग आधार कार्डप्रमाणेच आहे ना, ते बघा. यात फरक असेल तर पुढे डिजिलॉकरमध्ये आरसी काढताना अडचण येते.
- हाय सिक्युरिटी नंबर प्लेट डीलरनेच बसवून द्यायची असते. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांसाठी हाच नियम आहे.
- दोन्ही चाव्या घ्या आणि चावीसोबत नंबरचा छोटा टॅग असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. चावी हरवली तर तोच नंबर कामाला येतो.
- टायरला चमक येण्यासाठी पॉलिश लावलं असेल तर ते पुसून घ्या. पूजेत चाकाखाली लिंबू ठेवलं असेल तर टायरही एकदा पाण्याने धुवा. हार हँडलवरून काढूनच गाडी रस्त्यावर आणा. दोरा चाकात किंवा चेनमध्ये गेला तर काय होईल, ते सांगायला नको.
- नवीन गाडीत पेट्रोल अगदी थोडं असतं. शोरूममधून पहिली फेरी थेट पंपावर.

पहिले १५० किलोमीटर: टायर आणि ब्रेक

नवीन टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. थोडं अंतर चालल्यावर तो घासून खरखरीत होतो आणि मगच टायर रस्ता नीट पकडतो. त्यामुळे पहिले १०० ते १५० किलोमीटर वळणावर गाडी जास्त झुकवू नका. पावसाळ्यात गाडी घेतली असेल तर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि सिग्नलजवळ सांडलेलं ऑईल यावर ब्रेक दाबणं टाळा.

ब्रेकचंही तसंच. पॅड आणि डिस्क, किंवा शू आणि ड्रम, एकमेकांना पूर्ण टेकायला वेळ लागतो. तोवर गाडी थांबायला थोडं जास्त अंतर घेते. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून जाऊ नका.

आता आपल्या हाताबद्दल. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक करण्यात आलं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसमध्ये जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हर हाताखाली थरथरतो. हे पहिल्यांदा अनुभवताना दचकून ब्रेक सोडायचा नसतो, दाबूनच ठेवायचा असतो. पण ही थरथर पहिल्यांदा भर ट्रॅफिकमध्ये अनुभवायला नको. टायर थोडे चालले की एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर किंवा मैदानाशेजारी २५-३० च्या वेगाने जाऊन दहा-बारा वेळा थांबून बघा. मागे कुणी नाही ना, ते आरशात बघून. आधी हलका, मग थोडा जोरात. गाडी किती अंतरात थांबते, ते डोक्यात बसतं. मी कुठलीही वेगळी गाडी हातात आली की आधी हेच करतो.

हवा कमी-जास्त असेल तर वरचं सगळं वाया जातं. चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर हवेचा स्टिकर असतो. बऱ्याच साध्या कम्युटर बाईकना पुढे २५ आणि मागे २९ पीएसआय लागते, पण तुमच्या स्टिकरवरचा आकडाच खरा. पंपावर "किती मारू?" असं विचारायच्या आत आपण आकडा सांगायचा. हवा टायर थंड असताना तपासायची.

इंजिनाचं रन-इन म्हणजे नेमकं काय?

सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक तिरप्या रेषा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेषांवर घासून हळूहळू भिंतीशी जुळतात. गिअरचे दातही एकमेकांशी जुळत असतात. या घासण्यातून धातूचे बारीक कण सुटतात आणि ऑईलमध्ये मिसळतात. पहिलं ऑईल लवकर बदलतात ते यामुळेच.

मग चालवायची कशी?

- पूर्ण थ्रॉटल नको आणि झटका देऊन उचलणंही नको. होंडाच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या ५०० किलोमीटरसाठी हेच सांगितलेलं असतं, सोबत जोरदार ब्रेक आणि झटपट गिअर खाली आणणंही टाळायला सांगतात. काही कंपन्या ही मर्यादा १००० किलोमीटर किंवा त्यापुढेही नेतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते धरा.
- एकाच वेगाने तासभर चालवू नका. वेग थोडा कमी-जास्त होत राहू द्या. शहरातली चालवणूक याला बरी.
- "हळू चालव" म्हणजे चौथ्या गिअरमध्ये २० च्या वेगाने रेटणं नव्हे. इंजिन धडधडायला लागलं, हिसके देऊ लागलं की गिअर खाली आणा. कमी आरपीएमवर ओझं ओढायला लावणंही वाईटच.
- सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट पुरे. उभ्या गाडीला रेस देत बसू नका. पहिला एखादा किलोमीटर आरामात चालवा, इंजिन आपोआप गरम होतं.
- पहिल्याच आठवड्यात डबलसीट बसून ताम्हिणी घाट करायचा मोह टाळा. चढावर इंजिनावर सतत ताण येतो आणि उतारावर न बसलेल्या ब्रेकवर. घाट कुठे जात नाही, महिनाभराने करा.

मीटरवरचे दिवे बघून घाबरू नका

चावी ऑन केली की इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो चालताना लागून राहिला तर मात्र सर्व्हिस सेंटरला फोन करा. एबीएसच्या दिव्याचं थोडं वेगळं आहे. तो उभ्या गाडीवर लागलेलाच असतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. वेग घेतल्यावरही विझला नाही तर काहीतरी गडबड आहे.

रस्त्यात लोक हाताची बोटं उघडमीट करून "लाईट चालू आहे" असं सांगतील. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो. बटण शोधत बसू नका.

कागदपत्रं मोबाईलमध्ये, पण योग्य ठिकाणी

गॅलरीतला आरसीचा फोटो पुरेसा धरला जात नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दिसणारी आरसी आणि लायसन्स मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहेत. तसं केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. आरसी तयार झाली की नंबर आणि चासी नंबर टाकून डिजिलॉकरमध्ये घ्या.

इन्शुरन्समध्ये एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा असतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा भाग बहुतेक पॉलिसींमध्ये एकाच वर्षाचा असतो. "पाच वर्षं बघायला नको" असं समजून राहू नका. संपण्याची तारीख आजच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका. पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कवच असेल तर नॉमिनीचं नाव बरोबर आहे का, तेही बघा.

पीयूसी नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. वर्ष भरताना काढायची, तिचाही रिमाइंडर लावा.

"तुमच्या गाडीचं चलान" हा मेसेज

नवीन गाडी घेतली की व्हॉट्सॲपवर "तुमच्या वाहनाचे चलान" अशा मेसेजची भीती जास्त वाटते. फसवणूक करणाऱ्यांना हेच हवं असतं. मेसेजसोबत एपीके फाइल असेल तर ती उघडू नका. ती इन्स्टॉल केली तर तुमचे एसएमएस आणि त्यातले ओटीपी त्यांच्या हाती जाऊ शकतात. खरं चलान कधीच एपीके म्हणून येत नाही. शंका असेल तर मेसेजमधल्या लिंकवर न जाता स्वतः परिवहनची अधिकृत ई-चलान वेबसाइट उघडा किंवा प्ले स्टोअरवरून घेतलेल्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. वेबसाइटच्या मुख्य पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे ना, तेही तपासा.

मोबाईल हँडलवर लावायचा का?

गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरायची मुभा नियमात आहे. पण इथे मोबाईलचाही प्रश्न आहे. कॅमेऱ्यात फोटो हलू नये म्हणून ओआयएस असतं, म्हणजे लेन्सचे भाग अतिशय बारीक हालचाल करत असतात. जास्त ताकदीच्या मोटरसायकल इंजिनांची कंपनं सतत बसली तर आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतः सांगितलं आहे. लहान गाड्यांवरही कंपनं शोषणारा माउंट वापरायचा सल्ला त्यात आहे. अँड्रॉइडवालेही यातून शहाणे होऊ शकतात, कारण ओआयएस त्यांच्याही अनेक मोबाईलमध्ये असतं.

माझी पद्धत साधी आहे. निघण्याआधी गुगल मॅप्समध्ये दुचाकी मोड निवडून रस्ता नजरेखालून घालतो आणि मोबाईल खिशात ठेवतो. अडलं तर कडेला थांबून बघतो. नवीन गाडीवर तर हे जास्तच पाळावं, कारण क्लच आणि गिअरकडेच अजून लक्ष द्यावं लागतं. गाडीच्या मीटरला ब्लूटूथ असेल तर पेअरिंग घरी उभ्या गाडीवर करा आणि कॉल अलर्ट बंद ठेवा.

यूएसबी चार्जर लावायचा असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बसवा. बाहेर कुणी मूळ वायर कापून जोडणी केली तर इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

"एक राउंड मारू दे ना!"

पहिल्या पंधरा दिवसांत हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. मित्राकडे गिअरच्या गाडीचं लायसन्स नसेल तर सरळ नाही म्हणा. विनालायसन्स माणसाला गाडी देणं हा मालकाचाही गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. १८ वर्षांखालच्या धाकट्या भावाने गाडी काढली तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "अरे, अजून रन-इन चालू आहे" हे कारण या कामी छान उपयोगी पडतं.

आणि हेल्मेट दोन घ्या, दोन्ही आयएसआय मार्कचे. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे.

पहिली सर्व्हिसिंग

पहिली सर्व्हिसिंग गाडीनुसार साधारण ५०० ते १००० किलोमीटरदरम्यान असते, आणि त्यासोबत दिवसांची मुदतही असते. यातलं जे आधी येईल ते धरतात. गाडी कमी चालली म्हणून मुदत वाढत नाही. "फ्री सर्व्हिस" म्हणजे मजुरी फ्री. ऑईलचे पैसे सहसा द्यावे लागतात.

जाण्याआधी मोबाईलच्या नोट्समध्ये तक्रारी लिहून ठेवा: कुठून आवाज येतो, कुठला गिअर अडकतो, क्लच किती घट्ट आहे. नवीन चेन सुरुवातीला थोडी सैल पडते, ती तपासायला सांगा. पुढे दर ५०० किलोमीटरला चेन पुसून ल्यूब लावत जा.

माइलेज मीटरवर न बघता असं मोजा: टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं, ते बघा. मध्ये ३१० किलोमीटर झाले आणि ६.२ लिटर बसलं तर माइलेज ५०. पहिल्या सर्व्हिसिंगआधीचा आकडा कमी दिसला तर निराश होऊ नका. इंजिन मोकळं झालं की तो बहुतेक वेळा सुधारतो.

थोडक्यात: पहिले १५० किलोमीटर टायर-ब्रेकसाठी, ५०० ते १००० पर्यंत इंजिनासाठी, आणि हा सगळा काळ आपला हात बसण्यासाठी. हात बसला की वेगाची घाई आपोआप कमी होते. गाडी जपून चालवा, नवीन गाडीचं अभिनंदन!