चुकीचा वेध घेणारा राजा

प्रगतिपुस्तकावर लाल शाईतले गुण दिसले की बहुतेक घरांत दोनच निदाने होतात : मुलाचे लक्ष नाही, किंवा मुलाला डोके नाही. पहिल्यावर उपाय म्हणून रागावणे येते. दुसऱ्यावर उपायच उरत नाही. चूक नेमकी कोठे आणि कशाने झाली, हे शोधण्याचे तिसरे काम मात्र सहसा राहून जाते. ते काम कसे करावे, याचा एक धडा जयपूर शहराच्या मध्यभागी, राजवाड्याशेजारी, दगडचुन्यात बांधून ठेवलेला आहे. त्याचे नाव जंतरमंतर.

आमेरचा राजा सवाई जयसिंह (१६८८–१७४३) लहान वयातच गादीवर आला. १७२७ साली त्याने जयपूर वसविले. मोगल दरबारातील राजकारण आणि मराठ्यांशी चालणाऱ्या वाटाघाटी यांच्या धामधुमीतही त्याचा ज्योतिर्गणिताचा अभ्यास सुटला नाही. या अभ्यासात त्याला प्रथम भेटले ते अपयश. प्रचलित कोष्टकांवरून गणित करावे, तर ग्रहतारे जेथे दिसावयास हवेत तेथे दिसत नसत. अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाचा मेळ तर विशेषच चुके. धर्मकृत्ये आणि राज्यकारभार या दोहोंना ज्या गणिताचा आधार, तेच खोटे ठरत होते.

जयसिंहाने या चुकीवर पांघरूण घातले नाही. त्याने बादशहा मुहम्मदशहाच्या कानावर ही गोष्ट घातली आणि त्याच्या अनुमतीने ती दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेतले. आरंभी त्याने समरकंदच्या परंपरेतील ग्रंथांप्रमाणे पितळेची यंत्रे करविली. तरीही वेध बरोबर येईनात. मग त्याने आपल्या साधनांचीच झडती घेतली. ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही कारणे नोंदलेली आहेत : यंत्रे आकाराने लहान, त्यामुळे अंशांचे सूक्ष्म भाग पाडता येत नाहीत, आस झिजतात आणि हलतात, वर्तुळांचे मध्य सरकतात. दोष आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्याच्या बुद्धीचाही नव्हता. दोष पाहण्याच्या रीतीत होता.

निदान झाल्यावर उपाय सापडला. यंत्रे दगडचुन्याची, अचल आणि प्रचंड बांधावयाची. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या सावलीची कड डोळ्यांदेखत पुढे सरकते, आणि दोन सेकंदांपर्यंतचा काल त्यावर वाचता येतो. तथापि एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. दिल्लीतील वेध बरोबर आहेत की नाहीत, हे पडताळण्यासाठी जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही वेधशाळा उभारण्यात आल्या. एकदा आलेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेळी पुन्हा काढून पाहावयाचे, असा हा क्रम सात वर्षे चालला.

या कामातील एक प्रमुख सहकारी जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातील, असे परंपरा सांगते. संस्कृतात पारंगत असलेल्या या पंडितांनी परक्या ग्रंथांचा आशय समजावा म्हणून अरबी आणि फारसी भाषा शिकून घेतल्या. युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ आणि टॉलेमीच्या ग्रंथावर आधारलेला ‘सम्राट्सिद्धान्त’ ही त्या परिश्रमांची फळे होत. पांडित्य प्राप्त झाल्यावरही पुन्हा अक्षरओळखीपासून आरंभ करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पुढे युरोपातील वेधशाळांची वार्ता आली, तेव्हा जयसिंहाने पाद्री मॅन्युएल यांच्यासमवेत आपली माणसे पोर्तुगालला धाडली. त्यांनी आणलेली ला हिर यांची कोष्टकेही त्याने डोळे मिटून स्वीकारली नाहीत. वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक आढळला. जयसिंहाच्या कार्याला मर्यादा होत्या, हेही खरे. त्याच्याजवळ दुर्बिणी होत्या, परंतु मापनासाठी त्यांचा उपयोग झाला नाही. आणि पृथ्वी केंद्रस्थानी मानणारे जुने गणित त्याने सोडले नाही. मात्र चुकीकडे पाहण्याची त्याची दृष्टी आजही जुनी झालेली नाही.

अभ्यासाच्या बाबतीत आधुनिक मानसशास्त्र हेच सांगते. १८८५ साली जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की शिकलेले फार झपाट्याने विसरले जाते, आणि उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा अंतराअंतराने केल्यास ते टिकते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगात असे दिसले की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून पाहणारेच पुढे होते. नुसते पुनर्वाचन म्हणजे ते लहानसे पितळी यंत्र : सर्व काही येते असे ते दाखविते, आणि परीक्षेत आस सरकतो. पुस्तक मिटून लिहून पाहणे, चुकलेल्या उदाहरणाची पायरी शोधणे, तेच उदाहरण चार दिवसांनी पुन्हा सोडविणे, मित्राच्या उत्तराशी ताडून पाहणे ही दगडचुन्याची यंत्रे होत. ती बांधावयास श्रम पडतात. पण ती हलत नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी जयपूरची पडझड झालेली वेधशाळा दुरुस्त करण्यात आली. त्या कामी इंग्रज अधिकारी गॅरेट यांना साहाय्य करणारे चंद्रधर शर्मा गुलेरी हे तेव्हा विशीच्याही आतले होते. पुढे ते हिंदीतील ख्यातनाम कथाकार झाले. २०१० साली ही वेधशाळा जागतिक वारसा ठरली. जी वास्तू आज जगाचा ठेवा मानली जाते, तिचा पाया एका चुकलेल्या गणितावर घातला गेला होता. कमी गुणांची उत्तरपत्रिका हाती आलेल्या विद्यार्थ्याने, आणि ती पाहणाऱ्या पालक-शिक्षकांनीही, एवढे ध्यानात ठेवावे : मुलाला दोष देण्यापूर्वी त्याचे यंत्र तपासावे.