आमची कोठेही शाखा नाही

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या दुकानांवरची 'आमची इतरत्र कोठेही शाखा नाही' ही पाटी थट्टेचा हक्काचा विषय झाली आहे. पुणेरी खवचटपणाचा नमुना म्हणून पाहुण्यांना ती दाखवली जाते. व्यापारी नावांच्या इतिहासात मात्र ती खवचट नाही, सावध ठरते. भारतात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९४० साली झाला. तोवर नाव आपले आहे हे सांगायला दुकानदाराजवळ साधने थोडी होती: मालकीचे निवेदन दस्त म्हणून नोंदवून ठेवणे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे, दारावर पाटी ठोकणे, आणि कोणी नाव उचललेच तर आपला माल म्हणून दुसऱ्याचा माल खपवला जातो आहे असा दिवाणी दावा लावणे. या साधनांपैकी पाटी सर्वांत स्वस्त. ती काय म्हणते यापेक्षा काय म्हणत नाही हे अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. जगात दुसऱ्या कोणी हे नाव वापरू नये, असा तिचा हट्ट नाही. सोलापुरात किंवा सांगलीत याच नावाचे दुकान असेल तर असो, ते आमचे नव्हे, इतकेच ती सांगते. नाव जागेला बांधलेले असल्यामुळे एकच नाव दोघांना, चौघांना नांदवता येते, हे त्या पाटीमागचे गृहीतक.

व्यापारचिन्हांचा कायदाही पुष्कळ अंशी याच गृहीतकावर उभा राहिला. नाव एका धंद्यापुरते, एका मुलखापुरते. साबणाचे नाव आणि सायकलचे नाव एकच असले तरी सहसा बिघडत नाही. इंटरनेटवरच्या पत्त्याला, म्हणजे डोमेन नावाला, ही सोय नाही. एका अक्षरमालेचा धारक एकच, आणि त्याला धंदाही नाही नि मुलूखही नाही. नाव जितके आखूड, तितकी गर्दी मोठी. इंग्रजीच्या २६ अक्षरांतून दोन अक्षरी नावे ६७६ होतात आणि तीन अक्षरी १७,५७६. डॉट कॉमखाली याहून अधिक मिळणे शक्यच नाही. 'पीएमसी' म्हटले की पुणेकराला महापालिका आठवते, मुंबईकर ठेवीदाराला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. दोघांचाही दावा खरा, आणि पत्ता एक. पहिले डॉट कॉम नाव १९८५ साली नोंदले गेले. सप्टेंबर १९९५पर्यंत अशी नोंदणी फुकट होती, त्यानंतर दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. जो आधी आला त्याला नाव मिळाले. त्याचा हक्क कोणी तपासला नाही. पुढचे सगळे वाद इथून सुरू होतात.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा न्यायालयांत आला तेव्हा निकाल सोपे होते, कारण लबाडी उघडी होती. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' विरुद्ध 'रॅडिफ' हा खटला चालला. एका अक्षराच्या फरकाचे समर्थन करताना प्रतिवादींनी सांगितले की आमचे नाव 'रॅडिकल' या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांची आद्याक्षरे जुळवून बनले आहे. न्यायालयाला ही व्युत्पत्ती पटली नाही. डोमेन नाव हा निव्वळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षणाला पात्र आहे, असे म्हणून त्याने मनाई हुकूम दिला. पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे 'सिफी' विरुद्ध 'सिफ्फी' आले. तिथे प्रतिवादींचे म्हणणे, हे नाव पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांतून तयार झाले. तेही टिकले नाही. डोमेन नावांसाठी वेगळा कायदा नसला तरी दुसऱ्याच्या लौकिकावर माल खपवण्याविरुद्धचे जुने तत्त्व पुरेसे आहे, असा निर्णय ६ मे २००४ रोजी झाला. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. पण त्यांनी एक सवय मागे ठेवली: आखूड नावाची कहाणी सांगणारा नंतरचा माणूस बहुधा चोरच असणार, असे धरून चालण्याची. आद्याक्षरांची कहाणी रचता येते हे खरे. पण आखूड नावे जन्माला येतात ती बहुतेक आद्याक्षरांतूनच, हेही तितकेच खरे.

नावाच्या लांबीचा आणि पुराव्याचा संबंध इथे महत्त्वाचा ठरतो. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ साली डोमेन वादांसाठी लवादाची जागतिक पद्धत ठरवली. तिच्याखालचे पहिले प्रकरण 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन' या अख्ख्या नावाचे होते. ज्याने ते नोंदवले त्याने तीनच दिवसांत ते त्याच संस्थेला विकायला काढले. इतके लांबलचक नाव योगायोगाने कोणाला सुचत नाही. सारखेपणा हाच तिथे हेतूचा पुरावा होता. तीन अक्षरांच्या नावाला हा तर्क लावता येत नाही. 'एडीओ' या डॉट कॉम नावाचे उदाहरण घ्या. याच नावाच्या मेक्सिकन बस कंपनीने तक्रार केली आणि २०१८ साली लवाद मंडळाने ते नाव तिला देऊन टाकले. धारकाने ते विक्रीला काढले होते आणि किंमत मोठी होती, हे त्याच्या अंगाशी आले. तो अमेरिकेतल्या न्यायालयात गेला तेव्हा कुठे नाव त्याच्याकडे राहिले. त्या तीन अक्षरांचा धनी जगात एकटी एक बस कंपनी कशी असेल, हा साधा प्रश्न कागदावरच्या सुनावणीत मागे पडला होता. आपल्या डॉट इनची व्यवस्था याबाबतीत अधिक कडक आहे. आयकॅनच्या पद्धतीत नाव बेइमानीने नोंदवले आणि बेइमानीने वापरले, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आपल्या धोरणात नोंदवले किंवा वापरले, यांपैकी एक पुरते. लांब नावांच्या चोरांना त्याने जरब बसते, मान्य. आखूड नाव प्रामाणिकपणे घेतलेल्या माणसाचा आधार मात्र त्याने निम्मा होतो.

आडनावांचे वाद याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतात, आणि पुण्याजवळ त्याचे ठसठशीत उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे समूहाचा मोठा पसारा पुण्यात आला आणि नावाची मालकी सांभाळायला 'किर्लोस्कर प्रोप्रायटरी' ही स्वतंत्र कंपनी झाली. 'किर्लोस्कर डिझेल रेकॉन' या कंपनीने तेच नाव लावले तेव्हा आडनाव आमचेच आहे असा बचाव झाला. उच्च न्यायालयाने तो मानला नाही: माणसाला स्वतःच्या नावाने धंदा करता येईल, पण नव्याने काढलेल्या कंपनीला बारशाच्या वेळी कोणतेही नाव घेता आले असते. या समूहाचा व्याप टाचणीपासून पियानोपर्यंत होता, म्हणून धंदा वेगळा असल्याची सबबही चालली नाही. याच्या उलट अमेरिकेत उझी निसान या गृहस्थाने १९८० सालापासून धंद्याला आपले आडनाव लावले होते. मोटार कंपनी तेव्हा तिथे आपल्या गाड्या 'डॅटसन' या नावाने विकत होती. त्याने १९९४मध्ये निसान डॉट कॉम घेतले. कंपनीने १९९९ साली दावा लावला, कित्येक वर्षे तो चालला, आणि नाव अखेर त्याच्याकडेच राहिले. एका खटल्यात मोठा जिंकला, दुसऱ्यात लहान, म्हणून हे निकाल परस्परविरोधी वाटतील. मला ते तसे दिसत नाहीत. दोन्हीकडे ज्याने नाव आधी प्रामाणिकपणे धंद्यात वापरले तो टिकला.

जागा गेली, धंद्याची कुंपणे गेली, तर उरतो काळ. आपल्या कायद्यात त्याची तरतूद आहे: १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३४ आधीच्या सलग वापराला नोंदणीविरुद्ध संरक्षण देते. पुण्याच्या कॅम्पातल्या 'बर्गर किंग'चा वाद या कलमाभोवतीच फिरला. इराणी दांपत्याचे हे उपाहारगृह १९९२पासूनचे. अमेरिकेतली कंपनी १९५४ची, तिची भारतातली नोंदणी १९७९ची, पण तिचे भारतातले पहिले दुकान उघडले २०१४ साली, दिल्लीत. तिने २०११मध्ये पुण्यात दावा लावला. जुलै २०२४मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला: कंपनी इथे यायच्या कितीतरी आधीपासून हे नाव पुण्यात चालू होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये अपिलाच्या निकालापर्यंत उपाहारगृहाला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

जिल्हा न्यायालयाच्या निकालावरचा आक्षेप हलका नाही. इथली नोंदणी १९७९ची, म्हणजे उपाहारगृहाच्या तेरा वर्षे आधीची; मग आधी कोण? शिवाय परदेशात गाजलेले नाव इथे कोणीतरी आधी बळकावायचे आणि नंतर 'आधीचा वापर' म्हणून मिरवायचे, याला ही वाटच नव्हे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०१७च्या 'प्रियस' खटल्यात मिळते. जपानी कंपनीची गाडी जगात आधी आली असली तरी त्या काळात भारतातल्या गिऱ्हाइकांत तिचे नाव रुजले होते का, हे तिने दाखवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. लौकिक जिथे पोचलाच नव्हता तिथे तो चोरला कसा जाईल? पहिला आक्षेप अधिक अवघड आहे. नोंदणी हा नुसता कागद नव्हे, तो जगजाहीर इशारा असतो, हे कबूल केलेच पाहिजे. तरीही पस्तीस वर्षे दुकान न थाटता कागद जपणारा आणि रोज चूल पेटवणारा यांत कलम ३४चा कल मला दुसऱ्याकडे दिसतो. कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावताना उच्च न्यायालय वेगळे म्हणू शकते. अपिलात ते व्हायचे आहे.

याच कंपनीने असा वाद पूर्वी एकदा अमेरिकेत अनुभवला आहे. इलिनॉय राज्यातल्या मॅटून गावात हूट्स दांपत्याने १९५७ साली, फ्लोरिडातल्या कंपनीची माहिती नसताना, 'बर्गर किंग' काढले. १९६८मध्ये अपील न्यायालयाने देशभराचे नाव कंपनीला दिले आणि मॅटूनभोवतीच्या वीस मैलांचे हूट्स दांपत्याला. इराणी कुटुंबाने अपील जिंकले तर पुण्यापुरते तसेच काही होईल. बर्गरकिंग डॉट कॉम मात्र फ्लोरिडातच राहील. वीस मैलांची सीमा रस्त्यावर आखता येते. डोमेन नावांच्या नोंदवहीत तशी रेघ ओढायला रकानाच नाही.