घराण्यात उतरणारा आजार



आपलं हिंगणघाट कापसाचं गाव. एकेकाळी बाजारात कापसाच्या एका जातीलाच ‘हिंगणघाट’ म्हणत. पऱ्हाटीचा गुण सरकीतून पुढच्या पिकात उतरतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. माणसातही आईबापांचं रंगरूप मुलांत उतरतं. काही थोड्या घराण्यांत मात्र कर्करोगाचा धोकाही असाच उतरतो. हे कसं कळलं, ते आज ऐकूया.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पॉलीन ग्रॉस नावाची शिवणकाम करणारी बाई होती. आपल्या घरातली कितीतरी माणसं कर्करोगानं गेली, आपणही तशाच जाणार, असं तिनं डॉ. वॉर्थिन यांना सांगितलं. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. पॉलीननं नातलगांची माहिती गोळा करून दिली आणि १९१३ साली वॉर्थिन यांनी ती छापली. १९१९ साली पॉलीन गर्भाशयाच्या कर्करोगानंच गेली. त्या घराण्यातला बिघडलेला जनुक सापडायला २००० साल उजाडलं. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

आपल्याकडेही एक बाई याच वाटेनं चालली. डॉ. कमल रणदिवे, पुण्याच्या, जन्म १९१७. सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर अभ्यास करून त्यांनी १९४३ साली एम.एस्सी. केलं. पुढे मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध ओळखणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांचं नाव घेतात. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेले बीआरसीए जनुक नेमके हाती आले ते १९९४ आणि १९९५ साली.

आता घाबरू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे आनुवंशिक फार तर पाच ते दहा. पण ज्या बाईत हा बिघाड आहे, तिचा धोका खरोखर मोठा. अशा शंभर बायकांतल्या साठांहून अधिक जणींना आयुष्यात कधी ना कधी स्तनाचा कर्करोग होतो. प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो की मुलगी, तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी. तो बापाकडूनही येतो. म्हणून आत्या आणि आजी, दोन्हीकडच्या मोजायच्या.

आम्ही बायकांना विचारतो, तुमची आजी कशानं गेली? उत्तर येतं, ‘पोटाच्या दुखण्यानं.’ पुढे गप्प. गाठ लपवली जाते, कारण मुलीची सोयरीक मोडेल. सोयरीक जुळते, पण त्या मुलीला जे ठाऊक असायला हवं, ते आईबरोबरच जातं.

म्हणून आज घरी एक कागद घ्या. माहेरची, सासरची माणसं लिहा. कुणाला, कुठला कर्करोग, कितव्या वर्षी. पन्नाशीच्या आत झालेला, दोन्ही स्तनांत झालेला, अंडाशयाचा, किंवा पुरुषाच्या छातीतला असेल, तर तो कागद सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरला कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते रक्ताची तपासणी सुचवतील. शक्यतो आधी, ज्यांना आजार झाला आहे त्यांची. धोका आधी कळला, तर वेळेवर तपासण्या करून आजार लवकर पकडता येतो.

पॉलीनकडे असं काहीच नव्हतं. तरी ती बोलली. आपणही बोलूया, निदान लेकीपाशी तरी.